डोळ्याखालचा भोवरा

दादाला फोनवर सरळ मुद्द्यावर यायची सवय नाही. आधी आमच्या ह्यांच्या शुगरची चौकशी, मग आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी आलं होतं ते, मग त्याच्याकडे मका कसा आहे ते, आणि हे सगळं उरकून "ठिवतो मंग" म्हटल्यावर मूळ गोष्ट. त्या दिवशीही "ठिवतो" म्हणाला आणि ठेवला नाही.

"बाई, गुरुवारी तुझी गाडी रिकामी हाये का?"

"गाडी रिकामीच असते. माणसं रिकामी आहेत का ते विचार."

"पुन्याच्या अलीकडं जायचंय. शिंगरू घ्यायला."

दादा माझा थोरला भाऊ. फुलंब्रीच्या पुढे आमचं गाव आहे, तिथं तो शेती करतो, थोडी मेंढरं राखतो आणि या दोन्हींपेक्षा जास्त जीव लावून एक घोडा पाळतो. आमच्या भागात जत्रांना घोडागाडीच्या शर्यती होतात. हलकी गाडी, एक घोडा, मातीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना ओरडणारी माणसं. दादाच्या घोड्यानं आजवर घरात दोन कूलर, एक मिक्सर आणि वहिनीला ठेवायला जागा नाही इतके स्टीलचे डबे आणलेत. पण घोडा आता थकला होता. लिंबाखाली दिवसभर उभा असायचा, आणि दादाही त्याच्याबरोबर उभा असायचा. घरात बोलणं कमी झालं होतं. शेवटी वहिनीच म्हणाली होती, की एक तरणं जनावर आणा, नाहीतर या माणसाला पण त्या झाडाला बांधा.

पुण्याच्या अलीकडे रेसच्या घोड्यांची पैदास करणारा एक फार्म बंद होत होता. तिथली दीड-दोन वर्षांची शिंगरं लिलावात निघणार होती. मोठ्या खानदानाची शौकीन लोक नेतील, पण लहानखुरी, उशिरा जन्मलेली आपल्याला परवडतील, असं दादाला एका टेम्पोवाल्यानं सांगितलं होतं. दादाचा मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत, त्याला सुट्टी नाही. आणि तिथं म्हणे सगळं इंग्रजीत चालतं. म्हणजे ड्रायव्हर आणि दुभाषी अशी दोन्ही कामं माझ्याकडे आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. मला घोड्यातलं एवढंच कळतं की तो उभ्यानं झोपतो.

पण घोड्याशी माझा संबंध जन्मापासूनचा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन निघायचे. संसार घोडीच्या पाठीवर. भांडी, वाकळा, खुराड्यातल्या कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरं आणि सगळ्यांच्या वर घरातलं धाकटं पोर. माझा जन्म असाच वाटेत झाला, अजिंठ्याच्या डोंगराखाली, फर्दापूरच्या अलीकडे एका शेतात तळ पडला होता तिथं. आणि मी जन्मले त्याच रात्री आई गेली. वार अडकली, रक्त थांबलं नाही, दवाखाना लांब. हे मला पुढं शिकल्यावर कळलं. लहानपणी एवढंच कळलं, की मी आले आणि ती गेली.

आईचा एकही फोटो नाही. कशी बोलायची, उंच होती की बुटकी, कुणी सांगितलं नाही. चुलतीनं मला अंगावर पाजून वाढवलं. खायला-ल्यायला तिनं कधी कमी केलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण पाहुणा आला की मला पुढं ओढून म्हणायची, "हीच ती, पांढऱ्या पायाची." त्यात राग नसायचा. पत्ता सांगावा तसं सांगायची. आमच्याकडे घोड्याचे चारी पाय पांढरे असले तर त्याला ओवाळतात, आणि पोरीला तेच म्हटलं तर ती जन्माची बाजूला बसते. मीही बसले. हळदीच्या, डोहाळजेवणाच्या, बारशाच्या कार्यक्रमात मला आपोआप मागची जागा सापडायची.

दादा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. त्याचा माझ्यावर भारी जीव. मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवणारा, आबांशी भांडून मला पुढं शिकवणारा तोच. फक्त एक होतं. कुणी मला ते शब्द बोललं, की दादा उठून बाहेर जायचा. मला वाटायचं, त्याला ऐकवत नाही.

बुधवारी संध्याकाळी तो आला. पांढरा कडक इस्त्रीचा सदरा, टोपी, खांद्यावर नवा पंचा, पिशवीत भाकरी आणि ठेचा. आमचे हे म्हणाले, "मुलगी बघायला निघालात की काय?" दादा लाजला, खरंच लाजला.

पहाटे निघालो. वाळूज मागं पडलं तेव्हा उजाडत होतं. कायगावच्या पुलावर दादानं गाडी हळू करायला लावली आणि काच खाली करून गोदावरीत नाणं टाकलं. मागचा ट्रकवाला मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं नेवासे फाट्याला चहा घेतला, आणि चहानंतर दादाला कंठ फुटला. शिंगरू कसं बघायचं ते मला समजावून सांगायला लागला. खूर कसा असावा, छाती केवढी, आणि मग भोवरे. अंगावरचे केस जिथं गोल फिरतात ते भोवरे आमच्याकडे लोक पत्रिकेसारखे वाचतात.

"गळ्याखाली असला तर देवमन. घराला बरकत. कपाळावर एक चालतो. पन डोळ्याखाली असला तर हात लावायचा नाय."

"का?"

"आसूढाळ म्हनत्यात त्याला. आसवं गळत्यात त्या जागी. ज्या घरात जाती, त्या घरची बाई जाती."

"माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत, दादा. दोन लग्नं होतात म्हणे अशा बाईची. माझं एकच झालंय आणि तेच पुरून उरलंय."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत राहिला. मी पण मग गाण्यांचा आवाज वाढवला.

फार्मवर पोचलो तर गेटपाशी गाड्यांची रांग. पांढरे रंगवलेले कठडे, कापलेलं गवत, मधे भुसा टाकलेलं गोल रिंगण आणि बाजूला मांडव. काळे चष्मे, टोप्या, एका बाईच्या काखेत कुत्रं. सकाळी तबेल्यात जाऊन जनावरं हाताळून बघायची मुभा होती, दुपारी लिलाव. प्रत्येक शिंगराच्या मागच्या पुठ्ठ्यावर नंबर चिकटवलेला. एका टेबलावर त्यांचे कागद होते. त्यात घोड्याचं चित्र आणि चित्रावर बारीक फुल्या. मी विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, हे भोवरे, ओळखीची खूण. आपल्या शाळेच्या दाखल्यावर 'डाव्या गालावर तीळ' लिहितात तसं. ते ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे जगात कुठंतरी भोवरा नुसता भोवरा होता.

दादाचं मात्र वेगळंच चाललेलं. एका उंच, काळ्याभोर शिंगरापाशी तो थांबला, मागून-पुढून बघितलं आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "ह्याच्यावानी पाय मी आयुष्यात बघितले नायत." तेवढ्यात मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, आला आणि म्हणाला, "साब, ये लंगडा है. लिलाम से निकाल दिया." दादा खोकला. मी दुसरीकडे बघितलं. पुढची बरीच जनावरं मग तो नुसता 'हूं' म्हणत बघत गेला.

बावीस नंबरची शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, तबेल्याच्या टोकाला होती. लहानखुरी, गर्द तांबूस, शेपटी काळी, मागच्या एका पायात पांढरा मोजा. आम्ही जवळ गेलो तर तिनं मान लांब करून दादाची टोपी हुंगली, आणि मग ती टोपी दातांत धरून अलगद काढली. मोतद्दार ओरडला. दादा मोठ्यानं हसला. कित्येक महिन्यांनी मी त्याला तसं हसताना ऐकत होते. त्यानं टोपी सोडवून घेतली, तिच्या छातीवरून हात फिरवला, गुडघे दाबून बघितले, खूर उचलून बघितले. मग हात मानेवरून वर गेला, गालावर आला, डाव्या डोळ्याखाली थांबला आणि तिथंच राहिला.

मला वाटलं कुरवाळतोय. पण त्याचा चेहरा बदलला होता. मोतद्दार वाट बघत होता, शिंगी कान हलवत होती आणि दादाला हात काढता येत नव्हता. शेवटी काढला तेव्हा मला दिसलं. डोळ्याच्या बोटभर खाली, केसांचं बोराएवढं गोल चक्र.

"चल," म्हणाला, आणि टोपी हातातच धरून तबेल्याबाहेर गेला.

बाहेर एका गुलमोहराखाली सिमेंटचा बाक होता. तिथं बसला. मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यानं घेतली नाही. मी म्हटलं, "दादा, दुसरी बघू. एवढी शिंगरं आहेत."

"तसली बघितली नव्हती परत," तो म्हणाला. "आबाची घोडी तसलीच व्हती. आसूढाळ."

हे मला माहीत नव्हतं. घोडीबद्दल एवढंच माहीत होतं, की आई गेल्यावर आबांनी ती विकली.

"आबांनी कशी घेतली मग? ते तर भोवरे बघितल्याशिवाय शेळीसुद्धा घेत नव्हते."

दादा टोपीच्या घडीवरून अंगठा फिरवत होता. मग सांगायला लागला, माझ्याकडे न बघता. मी जन्मायच्या आदल्या साली आबा त्याला घेऊन जत्रेतल्या घोडेबाजारात गेले होते. दिवसभर एकही घोडी पसंत पडली नाही. दिवस मावळला, बाजार उठायला लागला, तेव्हा एका दलालानं ही घोडी पुढं आणली. दोर दादाच्या हातात दिला आणि आबा दात बघायला लागले. दादा तिच्या डाव्या अंगाला उभा होता. भोवरा त्याला दिसला. आसूढाळ म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक होतं, आमच्यातल्या पोरांना ते बोलायला लागल्यापासून ठाऊक असतं.

"ती मला हुंगत व्हती, बाई. माज्या डोक्यात तोंड घालून. मला तीच पायजे व्हती. मी तिच्या गालावर हात ठिवला. कुरवाळल्यावानी केलं. आबा म्हनला, सरक जरा. मी म्हनलं, राहू द्या, ती मला वळखायला लागलीये. आबा हसला. कंदिलाचा उजेड त्यो केवढा. मंग त्याचे अन्‌ दलालाचे हात रुमालाखाली गेले अन्‌ सौदा झाला."

"आणि?"

"सकाळी वाटंत आबाला दिसला. मटकन खाली बसला रस्त्याच्या कडंला. माजे डोळे फुटले व्हते का म्हनून कपाळ बडवून घेतलं. मी काय बोललो नाय. मंग तू आलीस."

मांडवात माइक चाचपून बघत होते. कुणीतरी परत परत 'हॅलो' म्हणत होतं.

"लोक तुला बोलायचे. मला ठावं व्हतं तुझं काय नाय. आई माज्यामुळं गेली. रोज म्हनायचो, आज सांगीन. आबा गेला, मंग वाटलं आता कुनाला सांगायचं. तू शिकलीस, मास्तरीन झालीस, मंग वाटलं इसरली असशील."

मला राग आला. इतका, की हातातली बाटली मी बाकावर आपटली. दादावर उभ्या आयुष्यात असा राग आला नव्हता. मी उठले आणि गाडीत जाऊन बसले. गाडी तापलेली, काचा बंद, किल्ली हातात. लावावी आणि निघून जावं, येऊ दे याला एस्टीनं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

तो उठून बाहेर जायचा ते आठवत होतं. चुलती बोलायची, पाहुणे बोलायचे, आणि तो चपला घालून निघायचा. मी पाठमोऱ्या दादाकडे बघून मनात म्हणायचे, याला किती लागतं माझ्यासाठी. आणि तो काय घेऊन बाहेर चालला होता.

बरं, राग तरी कशाचा धरायचा? मी विज्ञानाची बाई. वार अडकून रक्तस्राव होतो हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. भोवऱ्यानं माणूस मरत नाही, पोटी आलेल्या पोरीनंही मरत नाही. हे मी शेकडो मुलींना सांगितलं, आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला नाशिकच्या दवाखान्यात गेले नाही. गुडघा दुखतो म्हणाले. सासूबाई होत्या तिच्या, त्यांनी सगळं केलं. मी बारशालासुद्धा उशिराच पोचले. आता तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, सातवा लागला होता, आणि ती दर फोनला विचारत होती, "आई, या वेळी तरी येशील ना?" माझा गुडघा तयारच होता. तोच गुडघा, जो सकाळपासून क्लच दाबत होता.

म्हणजे आठ वर्षांच्या पोरानं जे धरून ठेवलं, तेच मी साठाव्या वर्षी धरून बसले होते. त्याला काय बोलायचं? गाडीत बसून मी पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि परत गेले. दादा तसाच बसला होता, टोपी मांडीवर.

"आईला माहीत होता का भोवरा?" मी विचारलं.

"व्हय तर."

"काय म्हणाली ती?"

दादानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आबा डाग द्यायला निघाला व्हता. डागला की भवरा मोडतो म्हनत्यात. लोखंड तापिवलं व्हतं, घोडीचे पाय बांधले व्हते. आई आडवी आली. पोटुशी व्हती ती तुझ्या वक्ताला. म्हनली, केसंच तर हायेत ते. रोज इंचरीन मी."

"मग?"

"मंग इंचरायची. सकाळी माझं डोकं इंचरायची, मंग तीच फणी घेऊन घोडीचा गाल. आबा चिडायचा, फणी बाटवली म्हनून. ती हसायची नुसती."

माझ्याकडे आईचं काहीही नव्हतं. आता एक वाक्य झालं, आणि एक फणी. केसंच तर आहेत ते. निरक्षर बाई, मेंढरांमागं फिरणारी, आणि माझ्या घरात जर कुणाला भोवऱ्याचं खरं कळलं असेल तर ते तिला कळलं होतं. मी तिथं उभी राहून ते वाक्य दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. तिचा आवाज कसा असेल ते ठरवता येईना.

"चल," मी म्हटलं. "बावीस नंबर येईल आता."

"नाय बाई. माज्यावर आलं असतं तर घेतली असती. पन तुझ्या वहिनीवर..."

"मग तिलाच विचार. या वेळी हात काढून विचार."

त्याला ते पटायला जरा वेळ लागला. मग आम्ही दोघं तबेल्यात गेलो आणि मी वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. आधी बराच वेळ वहिनीचा कान दिसला. मग छत दिसलं. मग ती दिसली, हाताला पीठ.

दादानं फोन शिंगीच्या तोंडाजवळ नेला. "हे बघ," म्हणाला. "डाव्या डोळ्याखाली. दिसला का? नीट बघ. आसूढाळ हाये. मी लपवत नाय."

वहिनी मेंढपाळाच्याच घरची. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती. ती बघत राहिली. शिंगीनं फोन चाटायला जीभ काढली.

"तुमाला आवडली का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"गेल्या साली बैल देवमन बघून आनला. त्यो रोज बांधावर जाऊन बसतो. मला लाथ मारली ती येगळीच." वहिनीनं पीठ झटकलं. "मला काय व्हायचं ते घोड्याला इचारून व्हनार हाये का? दुपारची गोळी घेतली का तुमी?"

"नाय."

"वन्सं, त्यांला गोळी द्या आधी." आणि फोन बंद.

लिलावात दादाला मी पहिल्या रांगेत बसवलं. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर पसरला. मी विचारलं, कशाला, तर म्हणाला, सौद्याला लागल. हात झाकून बोटांनी किंमत ठरवायची असते, हे त्याच्या हाडात मुरलेलं. इथं तर माणूस माइकवर आकडा ओरडत होता आणि ज्याला हवा त्यानं हातातली नंबराची पाटी वर करायची. "समद्यांपुढं?" त्यानं मला दोनदा विचारलं. उघड्यावर भाव करणं त्याला उघड्यावर अंघोळ करण्यासारखं वाटत होतं.

बावीस नंबर रिंगणात आली. मोठ्या लोकांनी मान वर केली नाही. आई-बाप नावाजलेले नाहीत, अंगानं बारीक. माइकवाल्यानं आकडा पुकारला, दादानं पाटी वर केली, आणि वरच धरली. मागच्या कुणीतरी एकदा वाढवलं, दादाची पाटी वरच होती म्हणून आणखी वाढलं. मागचा गप्प झाला तरी पाटी खाली येईना. माइकवाला गोंधळून बघायला लागला, की हा माणूस स्वतःच्याच वर चढतोय की काय. मी दादाचा दंड धरून खाली ओढला. लोक हसले, मीही हसले. हातोडी पडली. आकडा मी इथं लिहीत नाही, कारण दादानं वहिनीला वेगळा सांगितलाय.

कागदांत संध्याकाळ झाली, म्हणून तिथंच जवळ मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. टेम्पो पुढं, आम्ही मागं. दादाला टेम्पोतच बसायचं होतं, मीच बसू दिलं नाही. परतीच्या वाटेवर तो आईबद्दल बोलत राहिला. मी विचारलं नाही ते पण सांगितलं. ती उंच होती. तिला कैरी आवडायची. मेंढरांना हाका मारताना तिचा आवाज फाटायचा. पुलावर त्यानं पुन्हा नाणं टाकलं, या वेळी मी आधीच गाडी हळू केली होती.

दुपारी गावात पोचलो तर दारात ही गर्दी. रेसकोर्सची घोडी आली ही बातमी फुलंब्रीच्या स्टँडवरून आमच्या आधी पोचली होती. फळी लावून शिंगीला उतरवलं. दोर दादाच्या हातात. मी बघत होते. तो तिच्या उजव्या अंगाला उभा राहिला, एक पाऊल मागं, म्हणजे तिचा डावा गाल सगळ्या गावाला दिसावा. आणि लोकांनी तो बघितला. वहिनीनं खुरांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कपाळाला कुंकू लावलं, आणि शिंगीनं तिच्या पदराचं टोक तोंडात घेतलं.

चुलती ओट्यावर बसली होती. आता फार थकलीये, काठीशिवाय उठत नाही, पण नजर शाबूत.

"आसूढाळ हाये रं," ती म्हणाली. "तुज्या बापानं बी असलीच आनली व्हती. अन्‌ वर ही आली, पांढऱ्या पायाची."

नेहमीसारखंच, पत्ता सांगावा तसं. मी दादाकडे बघितलं. जाईल, असं वाटलं. चपला त्याच्या पायातच होत्या.

तो गेला नाही. दोर धरूनच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काकू, ती घोडी माज्यापायी आली व्हती. भवरा मी झाकला व्हता, ह्या हातानं. आबाला दिसू दिला नाय. बाईचं त्यात कायबी नव्हतं. आता हिला तसं म्हनायचं नाय."

मला तिथंच म्हणता आलं असतं, की दादा, तुझंही काही नव्हतं, वार अडकली होती. मी म्हटलं नाही. ते त्याला नंतर सांगता येईल, रोज सांगता येईल. साठ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बाजूनं कुणीतरी दारात उभं राहून बोललं होतं, आणि मला ते पुरतं ऐकायचं होतं.

चुलतीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "तू व्हय?" म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून, "मंग आधी सांगावं का नाय मानसानं." आणि काठीनं जागा दाखवली, तिच्या शेजारी. "ये, बस हिथं. उनात कशाला हुबी."

मी बसले. थोड्या वेळानं गर्दी पांगली तेव्हा मी वहिनीच्या आरशामागची फणी घेतली आणि शिंगीचा गाल विंचरला. केस खाली बसले, आणि फणी काढल्याबरोबर परत गोल फिरले. मी पुन्हा विंचरला. दादा लांबून बघत होता, जवळ आला नाही. वहिनी म्हणाली, नवी फणी आनावी लागंल आता मला.

घरी निघायच्या आधी, गाडीत बसल्यावर, मी मुलीला फोन लावला. तारीख काय दिलीये विचारलं. मी आठ दिवस आधीच येते, म्हटलं, आणि बाळंतपणाच्या खोलीत राहायला देत असतील तर आतच थांबेन.

ती म्हणाली, "आई, आणि तुझा गुडघा?"

"बरा आहे," मी म्हटलं.